दाराबाहेरचा माणूस

आज 'द पर्ज' पुन्हा पाहिला आणि या वेळी मुखवट्यांपेक्षा शेजारी जास्त अंगावर आले. २०१३चा सिनेमा. अमेरिकेतलं श्रीमंत उपनगर, वर्षातून एक रात्र खुनासकट सगळे गुन्हे माफ. नायक सुरक्षा यंत्रणा विकतो, तीही गल्लीतल्याच लोकांना. त्या पैशातून त्याचं घर वाढलं, ते त्यांच्या डोळ्यांत सलतंय. सुरुवातीला हसत बिस्किटं घेऊन आलेली शेजारीण शेवटी जीव घ्यायला येते!

धाकटा मुलगा मदतीसाठी ओरडणाऱ्या जखमी, बेघर कृष्णवर्णीय माणसाला आत घेतो. मागावरची टोळी चांगल्या घरची, गोड बोलणारी. आणि सज्जन आईबाप? ते त्याला खुर्चीला बांधून बाहेर सोपवायला निघतात. तो प्रसंग मला बघवला नाही. अशा उपनगरांचा इतिहास आठवला: १९४७ साली न्यूयॉर्कजवळ वसलेल्या लेव्हिटटाउनच्या करारातच गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये अशी अट होती.

शेवटी तोच माणूस कुटुंबाला शेजाऱ्यांपासून वाचवतो. पण या सिनेमाने त्याला नावही दिलेलं नाही, श्रेयनामावलीत तो फक्त 'रक्ताळलेला अनोळखी'. हे फार लागलं मला.