डेव्हिसच्या मागे राहिलेले घर

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळते. लोकांना जन्म-मृत्यूच्या, जमिनीच्या आणि जुन्या लढायांच्या नोंदी शोधून देणे हे माझे नेहमीचे काम आहे. उन्हाळ्यात मात्र त्यात एका आवडत्या कामाची भर पडते. मुलांकडे काही महिन्यांसाठी राहायला आलेल्या मराठी आईवडिलांना मी कॉन्कर्ड गावच्या नॉर्थ ब्रिजवर नेते आणि 19 एप्रिल 1775 रोजी, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले त्या दिवशी, तिथे काय घडले ते मराठीतून सांगते. अशाच एका फेरीत साताऱ्याकडच्या एका शेतकरी आजींनी विचारलेल्या प्रश्नामुळे त्या दिवसाचे सगळे बोलणे पुलावरून उठून एका घराकडे वळले, आणि ते घर होते कॅप्टन आयझॅक डेव्हिसचे.

डेव्हिस शेजारच्या ॲक्टन गावचा. तो शेती करी आणि बंदुका घडवण्याचा व दुरुस्तीचा धंदाही करी. त्या काळी ब्रिटिशांची वसाहत असलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सोळा ते साठ वयाच्या बहुतेक पुरुषांची नावे गावच्या मिलिशियात असत. ही पगारी फौज नव्हती. शेतकरी, सुतार, चांभार हे आपापली बंदूक घेऊन कवायतीला येत आणि कवायत संपली की पुन्हा आपापल्या कामाला लागत. 1774 च्या ऑक्टोबरात प्रांतिक काँग्रेसने, म्हणजे वसाहतीतल्या लोकांनी स्वतः भरवलेल्या प्रतिनिधीसभेने, या मिलिशियातून निवडक माणसांच्या वेगळ्या तुकड्या उभारायला सांगितले. हाक आली की त्यांनी तत्काळ निघायचे, म्हणून त्यांना मिनिटमेन म्हणू लागले. आपला नायक या तुकड्या स्वतःच निवडत, आणि ॲक्टनच्या लोकांनी डेव्हिसला निवडले. तो हिवाळा आणि वसंत त्यांनी आठवड्यातून दोनदा कवायत केली. नायक स्वतः बंदूककार असल्याने त्याच्या माणसांच्या बंदुकांना संगिनी होत्या, आणि इतर बऱ्याच तुकड्यांकडे त्या नव्हत्या. पुढे घडले त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

बोस्टनहून निघालेले सुमारे सातशे ब्रिटिश सैनिक वसाहतीतल्या लोकांनी कॉन्कर्डमध्ये साठवलेला दारूगोळा नष्ट करायला आले होते. पुलापलीकडच्या उंचवट्यावर जमलेल्या चारेकशे माणसांना गावातून धूर उठताना दिसला आणि ब्रिटिश गाव पेटवत आहेत असे त्यांना वाटले. त्यांचा प्रमुख कर्नल बॅरेट याने पुढे जाण्याचा हुकूम दिला, मात्र समोरून गोळी आल्याखेरीज आपण झाडायची नाही अशी ताकीदही दिली. आघाडीला संगिनी असलेली ॲक्टनची तुकडी राहिली. आपल्यात जायला भिणारा एकही माणूस नाही, असे डेव्हिस म्हणाल्याचे सांगतात. पुलाजवळ ब्रिटिशांनी गोळ्या झाडल्या आणि डेव्हिस व त्याचा सैनिक ॲबनर हॉस्मर तिथेच पडले. डेव्हिसचे वय तीस होते.

हे सारे सांगून होईपर्यंत आम्ही पुलापलीकडच्या मिनिटमॅनच्या पुतळ्यापाशी पोहोचलो होतो. डॅनियल चेस्टर फ्रेंच या तरुण शिल्पकाराचा हा पुतळा घटनेच्या शताब्दीला, 1875 मध्ये, इथे उभा राहिला. तरुण शेतकऱ्याच्या एका हातात बंदूक आहे आणि दुसरा हात अजून नांगरावर आहे. मंडळींतले पुरुष मला बंदुकीचा पल्ला किती, पहिली गोळी कुणाची, असे विचारत होते आणि मी उत्तरे देत होते. आजी मात्र नांगराच्या बाजूने पुतळ्याभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हा औत सोडून गेला म्हणतीस. मग मागं रान कुणी केलं?"

ज्यांनी जन्मभर शेत केले आहे त्यांनाच हे सुचावे, असा हा प्रश्न आहे. एप्रिल हा इथे नांगरटीचा महिना. जमीन बहुतेक बैलांनी नांगरत. मेमध्ये मका टोचायचा, जूनभर खुरपायचा, जुलैत गवत कापून वाळवायचे, त्याच सुमारास राय या धान्याची कापणी करायची. यातले काहीच कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. बॅरेटच्या शेताची गोष्ट इथे अजून सांगतात. शिपाई झडतीला येणार हे कळल्यावर घरच्यांनी शेत नांगरले, नांगराच्या तासांमध्ये हत्यारे ठेवली आणि पुढच्या तासाच्या मातीने ती झाकली. आजींना ही युक्ती फार आवडली. पण त्यांचे उत्तर त्यात नव्हते, आणि ते देण्यासाठी मी पिशवीतून हॅनाची जबानी काढली.

हॅना ही डेव्हिसची बायको. ही जबानी तिने 1835 मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी दिली. ती घेतली गेली याचे कारण वेगळेच होते. पुलावर आघाडीला नेमके कोण होते, यावरून ॲक्टन आणि कॉन्कर्ड या दोन गावांत वाद पेटला होता. आपल्या बाजूने साक्षी गोळा करताना ॲक्टनकरांनी डेव्हिसच्या तुकडीतल्या हयात म्हाताऱ्यांबरोबर हॅनालाही विचारले. गावाच्या मानासाठी झालेल्या या धडपडीतून एका घरातली सकाळ आपल्यापर्यंत पोहोचली, याबद्दल मला त्या भांडखोर गावकऱ्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

पुतळ्याजवळच्या सावलीत बसून मी ती जबानी हॅनाच्याच तोंडची म्हणून मराठीतून सांगितली. आम्हाला चार मुले होती, धाकटे पंधरा महिन्यांचे. यजमान निघाले तेव्हा मुले सगळीच आजारी होती, आणि त्यातल्या काहींच्या घशात फोड आणि अंगावर पुरळ आले होते. पहाटेच हाक आली. तुकडीतले बरेच जण आमच्याच घरी जमले आणि तिथेच त्यांनी काडतुसे बांधली. सूर्य एक-दोन तास वर आला असताना ते निघाले. त्या सकाळी माझे यजमान फार थोडे बोलले. गंभीर होते, विचारात होते, पण आपल्या कर्तव्याबद्दल कचरल्यासारखे कधी वाटले नाहीत. माणसे घेऊन निघताना ते मागे वळले, काही सांगायचे असावे असे वाटले, आणि "मुलांची नीट काळजी घे" एवढेच म्हणून दिसेनासे झाले. दुपारी त्यांचे प्रेत घरी आले. दफन होईपर्यंत ते माझ्या निजायच्या खोलीत ठेवले होते. चेहरा प्रसन्न होता, फारसा बदललेला नव्हता. हॉस्मरचे आणि त्याच दुपारी जवळच्या लेक्सिंग्टन गावात मारल्या गेलेल्या जेम्स हेवर्डचे प्रेतही त्यांच्या मित्रांनी आमच्याच घरी आणले, आणि तिघांचा अंत्यविधी एकत्र झाला.

मधे कुणी काही बोलले नाही. मग एक निवृत्त शिक्षक काहीसे चिडून म्हणाले, "चार आजारी मुलं टाकून माणूस जातोच कसा?" त्यांचे चिडणे मला पटण्यासारखे होते. घशाच्या अशाच साथीने 1735 नंतरच्या काही वर्षांत न्यू इंग्लंडमधली, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतली, हजारो मुले नेली होती, एकेका घरातली सगळी मुले गेल्याची उदाहरणे होती, आणि ते भय त्या आईबापांच्या पिढीला ठाऊक होते. पण डेव्हिस निष्ठुर होता असे मला वाटत नाही. त्याच्याच अंगणात काडतुसे बांधणारी माणसे त्यानेच शिकवून तयार केली होती आणि त्यांनीच त्याला नायक केले होते. त्यांना एकटे धाडून घरी बसणे त्याला शक्य नव्हते. तो मागे वळला, हे साठ वर्षांनीही हॅनाच्या लक्षात होते, आणि माझ्या लेखी त्याच्याविषयीची ती सर्वांत मोलाची साक्ष आहे.

आजी आपला प्रश्न विसरल्या नव्हत्या. मी त्यांना तिथला कायदा सांगितला. मृत्युपत्र नसेल तर विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा फक्त हयातभर वापरायला मिळे. तो तिला मनासारखा विकता येत नसे, आणि उरलेल्या जमिनीवर मुलांचा हक्क असे. हॅना त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती. गाई, लोणी, सूत, भाजीचा वाफा ही बाईची कामे तिथल्या शेतावर आधीपासूनच होती. औत मात्र शेजाऱ्याने किंवा मजुराने धरायचे, आणि त्याची फेड धान्याने, कापडाने, अंगमेहनतीने करायची, अशी तिथल्या विधवांची रीत होती. पुढे हॅनाने आणखी दोनदा लग्न केले. म्हणून जबानीखाली तिचे नाव हॅना लेटन असे आहे.

"दोनदा केलं, बरंच केलं," आजी ठामपणे म्हणाल्या. "लेकरं आणि जमीन, दोन्ही एकटीनं कशी निभावायची?" मग त्यांनी मला ते घर कुठे आहे आणि तिथे नेता येईल का, असे विचारले. फेरीच्या ठरलेल्या मार्गात ॲक्टन नव्हते, पण बसचालक तयार झाला आणि आम्ही गेलो. ज्या वाटेने ती तुकडी कॉन्कर्डला गेली, त्याच सहा-सात मैलांच्या पट्ट्यात आम्ही उलट दिशेने चाललो होतो. गावच्या मध्यभागी 1851 मध्ये उभारलेला उंच दगडी स्तंभ आहे आणि त्याखाली त्या तिघांचे अवशेष एकत्र ठेवलेले आहेत. हेवर्डचे बंदुकीच्या दारूचे शिंग, ज्यातून त्याला लागलेली गोळी आरपार गेली, ते ॲक्टनच्या ग्रंथालयात आहे.

त्यानंतर मी फेरीचा क्रम बदलला. आता आम्ही ॲक्टनहून सुरुवात करतो, हॅनाची जबानी तिथे वाचतो आणि मग पुलाकडे जातो. त्यामुळे आघाडीला चाललेला डेव्हिस मंडळींना दिसतो, तेव्हा त्याच्या घरी चार मुले आजारी आहेत हे त्यांना आधीच ठाऊक असते. बंदुकीच्या पल्ल्याबद्दल लोक आजही विचारतात आणि मी तेही आवडीने सांगते. पण पुतळ्यापाशी पोहोचल्यावर नांगराकडे आधी पाहणारी माणसे आता पुष्कळ असतात.