आमची वाटचाल : भोसरीच्या शेडपासून चिलखती गाडीपर्यंत

बाबांनी 1991 साली भोसरी एमआयडीसीत भाड्याची शेड घेऊन दोन वेल्डिंग मशिनवर काम सुरू केलं. दुचाकीचे स्टँड, टेम्पोचे ब्रॅकेट, पुढे बसच्या सीटचे सांगाडे. मी 2006 पासून वर्कशॉप बघते. 2019 मध्ये गाड्यांचा धंदा बसला, आमच्या दोन पाळ्यांची एक झाली आणि पाठोपाठ लॉकडाउन आला. माणसं 22. एकालाही काढायचं नाही, असं बाबांनी स्पष्ट सांगितलं, आणि पगारासाठी आम्ही घरावर कर्ज काढलं.

सैन्याचं काम पुण्याला नवीन नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे. पिनाका रॉकेट पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत घडलं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई, दोन्ही अडीच-तीन तासांवर नगरला. पण आमच्यासारख्यांना हे सगळं कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं जग वाटायचं. त्या भिंतीला दार दिसलं ते 2020 मध्ये. जूनमध्ये गलवानला चीनशी चकमक झाली. ऑगस्टमध्ये सरकारने 101 वस्तूंची यादी काढली, की या टप्प्याटप्प्याने बाहेरून आणायच्या नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये मुंढव्याच्या भारत फोर्जला कल्याणी एम-4 या चिलखती गाड्यांची सुमारे 178 कोटींची ऑर्डर मिळाली. भोसरी-चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर मग हाच विषय. त्याच वर्षी आमच्याकडेही एक चौकशी आली. पार्टीचं नाव इथे लिहिता येणार नाही. काम होतं चिलखती गाडीच्या दाराच्या चौकटींचं, पहिला लॉट 14 नगांचा.

लोखंड जोडण्यात आमचा हात बसलेला आहे, असा आमचा विश्वास होता. साध्या पत्र्याचा कठीणपणा ब्रिनेल मापावर सव्वाशेच्या आसपास असतो, या चिलखती प्लेटचा 500. कटिंग, ड्रिलिंग सगळ्यालाच वेळ लागला, पण वेल्डिंग बघून मन भरलं. आमचे वेल्डर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, बाबांच्या पहिल्या दिवसापासून शेडवर आहेत. त्यांनी जुलैतल्या एका शुक्रवारी वेल्डिंगचा शेवटचा थर मारला आणि शनिवारी सगळे जॉब उलटेपालटे करून बघितले. कुठे काही नाही.

सोमवारी पार्टीचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी जोडावर लाल डाय लावला, थोडा वेळ थांबून पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारला. आम्ही सगळे भोवती उभे. दोनेक मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. वेल्डवर नव्हे, वेल्डच्या कडेला, खुद्द प्लेटमध्ये. मग दुसऱ्या जॉबवर, तिसऱ्यावर. 14 पैकी 9 बाद झाले आणि प्लेट आमच्या खर्चाने भरून द्यावी लागली. त्या रात्री मी घरी जेवले नाही.

कारण समजून घेतलं तेव्हा पोटात गोळा आला, इतकं ते साधं होतं. पावसाळ्याच्या हवेत वेल्डिंग रॉडच्या लेपाला ओल धरते. वेल्डिंगच्या उष्णतेत त्या ओलीतून हायड्रोजन सुटतो आणि धातूत मुरतो. साधा पत्रा ते सोसतो. चिलखती पोलाद सोसत नाही, कारण जोडाच्या कडेची प्लेट भराभर थंड होऊन काचेसारखी ठिसूळ झालेली असते. ताण तर असतोच. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. म्हणून वेल्ड झाल्यावर 48 तास थांबून तपासणी करायची असते. आम्ही 24 तासांत खूश झालो होतो. यावर प्लेट आधी तापवून घेणं हा उपाय, पण तोही बेतानेच. उष्णता जास्त झाली तर प्लेट तेवढ्या पट्ट्यात मऊ पडते आणि गोळी नेमकी तिथून आत शिरू शकते.

शेडवर रॉड भाजायची भट्टी आली. रॉड बदलून स्टेनलेसचे घेतले; त्यांचा जोड चिवट असतो आणि हायड्रोजन स्वतःत मुरवून घेतो. प्रत्येक प्लेटचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, वहीत चढायला लागला, म्हणजे कुठला तुकडा कुठल्या चौकटीत गेला ते दहा वर्षांनीही सांगता येईल. मामा तेव्हा 58 वर्षांचे. ते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं रॉड हातात धरला, पण त्याला घाम येतो हे कुणी सांगितलंच नाही." भट्टीची किल्ली त्यांनी स्वतःकडे मागून घेतली. आजही ती त्यांच्याच खिशात असते आणि लागतील तेवढेच रॉड ते मोजून बाहेर काढतात.

दुसरा लॉट खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात पास झाला. त्या वर्षी भट्टीलाही झेंडूचा हार घातला. दिवाळीनंतर सगळ्यांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. पोरं तोफांपाशी फोटो काढत होती आणि मामा विजयंताच्या अंगावरच्या जोडावरून बोट फिरवत उभे होते. विजयंता म्हणजे चेन्नईजवळच्या आवडी गावी बांधलेला आपला पहिला रणगाडा. मामा बराच वेळ तिथून हलले नाहीत.

पैशाचं बोलायलाच हवं. एका पार्टीने आमचं बिल सात महिने अडकवलं. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, असा कायदा 2006 पासून आहे. पण तक्रार केली तर पुढचं काम जाईल, या भीतीने आमच्यासारखे गप्प बसतात. मीही बसले, आणि ते मला अजून सलतं.

दुसरी अडचण वेळेची. एटॅग्स या देशी तोफेचं काम 2013 च्या सुमारास सुरू झालं, 307 तोफांचा करार मार्च 2025 मध्ये झाला. 25 टनांचा झोरावर रणगाडा जुलै 2024 मध्ये लोकांसमोर आला, त्याच वर्षी त्याने वाळवंटात आणि 4,200 मीटरहून उंचावर गोळे डागून दाखवले. ज्या गाडीत आपली पोरं बसणार तिची कसून परीक्षा व्हायलाच हवी, त्यात कसूर नको. पण दोन ऑर्डरींच्या मधल्या रिकाम्या काळात छोट्या शेडने प्रशिक्षित वेल्डर कसा टिकवायचा? एकदम मोठी ऑर्डर देऊन मग शुकशुकाट, त्यापेक्षा दरवर्षी थोडं थोडं काम सलग मिळालं तर हे कसब शेडवर टिकेल, असं माझं ठाम मत आहे. या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना मी सांगते, गाड्यांचं काम सोडू नका. आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न अजूनही बसच्या सीटमधून येतं.

या शुक्रवारी 20 चौकटींचा नवा लॉट वेल्ड होऊन लोखंडी स्टँडवर ठेवला आहे. बाहेर पाऊस आहे. शनिवारी बाबा येऊन बघून गेले, हात मात्र लावला नाही त्यांनी. सोमवारी सकाळी साडेआठला मामा लाल डाय लावतील.