लॅपटॉपमध्ये डिस्क होती, उबंटूला दिसत नव्हती

आधी कामाचं सांगते. उबंटू (विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स प्रणाली) बसवताना इन्स्टॉलरने ‘आरएसटी (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) बंद करा’ म्हणून अडवलं आणि बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, तसा पर्यायच सापडत नसेल, तर बायॉसच्या ‘मेन’ पानावर जाऊन कंट्रोल आणि एस एकत्र दाबून बघा. माझे अकरा दिवस या दोन बटणांपायी गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचा लॅपटॉप २०२० सालचा, दहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क). ह्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यामुळे विंडोज ठेवून शेजारी उबंटू हवं होतं. मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं टायपिंग आणि प्रुफं बघते. ज्या सॉफ्टवेअरच्या आत काय आहे हे कोणालाही उघडून बघता येतं, त्यावरच आपलं मराठीचं काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, दोन तासांचं काम आहे.”

पेन ड्राइव्ह बनवणं, त्यावरून लॅपटॉप सुरू करणं, यात काहीच अडलं नाही. उबंटू २४.०४ ची फाइल सहा जीबीच्या आसपास आहे, तेवढा पेन ड्राइव्ह घ्या.

अडलं ते डिस्क निवडायच्या आधी. या संगणकावर इंटेल आरएसटी चालू आहे, ते बंद केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा मजकूर आणि खाली एक क्यूआर कोड. कोडमागची माहिती वाचली: बायॉसमध्ये जा, साटा मोड, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, ‘एएचसीआय’ (आरएसटीशिवायची साधी पद्धत) करा. एफ२ दाबून बायॉस उघडला. साटा मोड नावाची ओळच नव्हती. एकेक पान तीन-तीनदा पाहिलं, मोबाइलने फोटो काढून भाच्याला पाठवले. त्यालाही सापडली नाही.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी टोकन घेऊन दीड तास बसले. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. “बेन, आ मॉडेलमां लिनक्स चाले ज नहीं.” मी म्हटलं, पेन ड्राइव्हवरून चालू झालंय, स्क्रीन दिसते, वायफाय लागतं, मग चालत नाही कसं? तर म्हणे वरच्या साहेबांना विचारा. साहेब सोमवारी भेटणार होते. सोमवारी साहेबांनी लॅपटॉप ठेवून घेतला आणि तीन दिवसांनी परत दिला. बायॉसची नवी आवृत्ती टाकली होती, तपासणीचे पैसे घेतले, पर्याय तिथे नव्हताच. चौथ्या खेपेला उत्तर मिळालं की या बोर्डावर ती सोयच दिलेली नाही.

ते खरं नव्हतं, आणि ते खोटं ठरवायचं साधन माझ्या हातात होतं हे मला उशिरा कळलं. पेन ड्राइव्हवरच्या उबंटूत टर्मिनल उघडून भाच्याने सांगितलेली ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा चालवली. शेकडो ओळींमध्ये कर्नलने, म्हणजे उबंटूच्या गाभ्याने, स्पष्ट लिहिलं होतं की एक एनव्हीएमई डिस्क सापडली आहे, पण ती साटा कंट्रोलरच्या मागे वळवलेली आहे. वापरायची असेल तर बायॉस रेडमधून (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत, आरएसटी तीच वापरतं) एएचसीआयवर न्या. म्हणजे डिस्क ठणठणीत. आरएसटी चालू असताना कंट्रोलर तिला आपल्या मागे घेतो आणि मग फक्त इंटेलचा विंडोजमधला ड्रायव्हर तिच्यापर्यंत पोचतो. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला त्या रेडचा काही उपयोगही नाही.

त्या ओळीचा फोटो घेऊन मी सेंटरला गेले नाही. मांडवीजवळच्या गल्लीत एक काका जुने लॅपटॉप दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोटो पाहिला, बायॉस उघडला, दोन बटणं दाबली आणि ‘मेन’ पानावर साटा मोडची ओळ हजर झाली! पैसे घ्यायला तयार नव्हते. त्या दुकानात मला रडू आलं. अकरा दिवस जे ‘नाही’ म्हणून सांगितलं जात होतं, ते तिथेच होतं, फक्त लपवलेलं. ही माहिती मॅन्युअलमध्ये एका ओळीत छापायला काय हरकत होती?

यापुढचं नीट वाचा, कारण इथे माझी घाई नडली. घरी येऊन मी लगेच एएचसीआय निवडलं. उबंटूच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसली, पण पडताळायला म्हणून विंडोज सुरू केलं तर निळी स्क्रीन: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. रात्रीचे अकरा वाजले होते आणि ह्यांच्या जीएसटी रिटर्नची वीस तारीख दोन दिवसांवर होती. साटा मोड पुन्हा पहिल्यासारखा केला तेव्हा विंडोज उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी क्रमाने केलं. आधी ह्यांचा सगळा हिशेब बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून, बूटच्या पानावर सेफ बूट टिक केलं. रीस्टार्ट होताना मध्येच विंडोज उघडू न देता थेट एफ२, कंट्रोल-एस, एएचसीआय, एफ१० ने सेव्ह. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं आणि डिस्कचा नवा मार्ग ओळखतं. टिक काढली, पुन्हा सुरू केलं, सगळं जागच्या जागी. सेफ मोडमध्ये माझा चार आकडी पिन चालला नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागला. तो आठवत नसेल तर आधी शोधून ठेवा.

आणि याच्याही आधी करायचं एक काम: विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवायची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायॉसमध्ये बदल केला की विंडोज ती मागू शकतं. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोजचा भाग अर्धवट झोपलेला राहतो आणि उबंटूतून त्यात काही लिहिता येत नाही. उबंटूसाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून रिकामी करा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी बायॉसमधली सोय) मात्र बंद करायची गरज नाही, उबंटू त्याच्यासकट चालतं.

प्रत्यक्ष उबंटू बसायला अर्धा तास लागला. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड घेतला आणि पहिला शब्द टाइप केला ‘किनाऱ्यावर’. शिफ्ट-जे, मग डी, मग य. ऱ्या बरोबर उमटला. ह्यांना हाक मारून दाखवला.

हो, घड्याळाचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी विंडोज उघडलं तर वेळ साडेपाच तास मागे. काही बिघडलेलं नसतं. उबंटू संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबंटूत ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) या आज्ञेने स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की दोन्हीकडे जुळतं. बिलांवर चुकीची वेळ पडायच्या आत हे करून घ्या.