चित्र आणि मजकूर यांची फारकत

हेगमधल्या एका कार्यालयात मी जुन्या डच वृत्तपत्रांच्या डिजिटायझेशनचे काम करत असताना, संगणकाने पानाचे बातमी, जाहिरात, चित्र असे पाडलेले विभाग तपासणे माझ्याकडे होते. एके दिवशी डच चित्रकथाकार मार्टेन टोंडर यांची दैनिक चित्रमालिका समोर आली, तेव्हा तिची तीन चित्रे एका नोंदीत आणि त्यांखालचा मजकूर दुसऱ्याच नोंदीत गेलेला दिसला. असेच शेकडो भाग पुढे रांगेत होते.

मी आधी नुसता मजकूर वाचला, मग नुसती चित्रे पाहिली. टोंडर पात्रांच्या तोंडाशी संवादाचे फुगे काढत नाहीत, तर प्रत्येक चित्राखाली कथा सलग गद्यात लिहितात. रॉमेलडाम या काल्पनिक शहरातला श्रीमंत अस्वल बॉमेल शब्दांत आपल्या खानदानी धैर्याची ग्वाही देत असतो आणि चित्रात मात्र त्याचे पाय लटपटत असतात. त्याचा धाकटा, शहाणा मित्र टॉम पूस हा बोका ते मुकाट पाहत असतो. टोंडरांची खरी करामत याच अंतरात आहे आणि आमच्या विभागणीने नेमके तेच पुसले होते.

शेजारच्या डच सहकाऱ्याचे म्हणणे असे, की वाचक मजकुरात शब्द शोधतात, मग तो वेगळा राहिला तर बिघडते कुठे? मजकूर चित्रापासून तोडता येत नाही, हे पटवण्यासाठी मी त्याच्यापुढे मालिकेचा इतिहास मांडला. 16 मार्च 1941 रोजी ‘दे टेलेग्राफ’ या डच दैनिकामध्ये सुरू झालेली ही मालिका, त्या पत्राचे संपादकपद एसएस या नाझी संघटनेच्या माणसाकडे गेल्यावर, नोव्हेंबर 1944मध्ये टोंडरांनी थांबवली, 1947मध्ये ती रॉटरडॅमच्या ‘निउवे रोटरडाम्से कोरांट’मध्ये परतली आणि जानेवारी 1986पर्यंत चालली. डच शिक्षणमंत्री रुटेन यांनी 1948मध्ये चित्रकथांविरुद्ध शाळांना परिपत्रक धाडले, त्या काळात चित्राखाली भरघोस गद्य असलेला हा प्रकार पालकांना त्या मानाने सुसह्य वाटे. पण म्हणून ते गद्य चित्राला प्रतिष्ठा देण्यासाठी जोडलेले शेपूट ठरत नाही. टोंडर दोन्हींचा विचार एकत्रच करत, हे कोणताही भाग पाहून कळते, असे माझे ठाम मत आहे.

अखेर तीन चित्रे, मजकूर आणि भागाचा क्रमांक मिळून एकच नोंद करायची, असा नियम ठरला. त्याच संध्याकाळी तो ‘हेट पारोल’ या दैनिकातल्या ‘कापितेन रॉब’ या चित्रमालिकेलाही लागू केला, कारण त्या दर्यावर्दी कथेची रचनाही तशीच आहे.