अ‍ॅव्हरेज म्हणजे मुळात नुकसान

“गाडी किती अ‍ॅव्हरेज देऊन राहिली?” नागपुरात दुचाकीची चौकशी या प्रश्नाशिवाय पुरी होत नाही. हाच शब्द दहावीच्या पोराला लावला की अर्थ फिरतो. “अभ्यासात अ‍ॅव्हरेजच आहे,” म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. एकीकडे माप, दुसरीकडे शेरा. मूळ अर्थ मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा आहे: समुद्रात खराब झालेला माल.

बहुतेक कोशकार हा शब्द अरबीपर्यंत नेतात. ‘अवार’ म्हणजे खोट, दोष; ‘अवारिया’ म्हणजे प्रवासात बिघडलेला माल. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून तो इटालियनमध्ये ‘अवारिया’ आणि फ्रेंचमध्ये ‘अवारी’ झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तेव्हा त्याला ‘डॅमेज’सारखं शेपूट लागलं.

नुकसानीचा शब्द सरासरीचा कसा झाला, याचं उत्तर जहाजावरच्या एका जुन्या रिवाजात आहे. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकावा लागला, तर तो तोटा एकट्या मालकाचा नाही. ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी तो आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. सहाव्या शतकातल्या रोमन कायदेसंग्रहात हा नियम रोड्स बेटाच्या नावाने नोंदलेला आहे. आज त्याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात, आणि आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही तो आहे.

आकड्यांत बघा. जहाज ५० कोटींचं, त्यावरचा सगळा माल १५० कोटींचा, मिळून २०० कोटी. त्यातला ४ कोटींचा माल फेकला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २ टक्के. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातून रेल्वेने न्हावाशेवा बंदराला गेलेला एखादा ४० लाखांचा कंटेनर त्या जहाजावर सुखरूप असला, तरी त्याचे ८० हजार द्यावेच लागतात. ज्याचा माल बुडाला तोही यातून सुटत नाही. त्याचे स्वतःचे २ टक्के, म्हणजे ८ लाख, वजा होऊन ३ कोटी ९२ लाख हाती येतात. मला या हिशेबातला हाच भाग सगळ्यात न्याय्य वाटतो.

२०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा एकही पेटी फेकली नव्हती. जहाज सोडवायचा खर्च मात्र प्रचंड होता आणि तोही सगळ्यांत वाटायचा असतो, म्हणून जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर झालं. अशा वेळी माल सोडवायला मालकाचा अ‍ॅव्हरेज बाँड (आपला वाटा भरण्याची लेखी कबुली) आणि विमा कंपनीची हमी लागते. विमा नसेल तर रोख अनामत भरा, नाहीतर कंटेनर बंदरातच पडून राहतो.

जमिनीवरच्या विम्यातही हा शब्द टिकून आहे, आणि तिथे तो फार महागात पडतो. समजा गांधीबागेतल्या एका कापड दुकानात ५० लाखांचा माल आहे आणि आगीचा विमा ३० लाखांचा. आगीत १० लाखांचं कापड जळलं. दुकानदाराला वाटतं, दहा तीसच्या आत आहे, पूर्ण मिळतील. अ‍ॅव्हरेजच्या अटीने मिळतात ६ लाख, कारण विमा मालाच्या ६० टक्केच उतरवला होता. उरलेल्या ४० टक्क्यांची विमा कंपनी तो स्वतःच. काही पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. गोची बहुधा दिवाळीच्या आधी होते: माल दुप्पट भरलेला, विम्याची रक्कम उन्हाळ्यातलीच. ही अट पॉलिसी घेतानाच वाचावी.

तोटा सगळ्यांत वाटायच्या या रीतीवरूनच अठराव्या शतकात अ‍ॅव्हरेज गणितातली सरासरी झाला, आणि पुढे ‘साधारण’ हा अर्थ त्याला चिकटला. आपल्याकडेही असंच घडलंय. फारसीत ‘शुमार’ म्हणजे मोजणी. मराठीने त्यातून ‘सुमारे’ घेतला, ‘बेसुमार’ घेतला आणि ‘सुमार दर्जा’ही घेतला. ‘सरासरी’ आणि ‘सर्रास’ दोन्ही फारसी ‘सरासर’चे, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोजणीच्या शब्दात नालस्ती नसते, ती वापरणारे घालतात. म्हणून ‘अ‍ॅव्हरेज पोरगा’ मला खटकतं: कशाची सरासरी, किती जणांत, हे कुणीच सांगत नाही.

आता गाडीचं. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. चूक होते ती पुढे. शहरात ४५, वर्धा रोडवर ६०, म्हणून लोक मधला ५२.५ सांगतात. पण दोन्हीकडे १८० किलोमीटर चालली असेल तर पेट्रोल जळलं ४ आणि ३ लिटर. ३६० भागिले ७, म्हणजे ५१.४.