मागच्या बाजूने काढलेला फोटो

बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. ग्रँड कॅन्यन झालं, लास व्हेगास झालं, सॅन दिएगोचा समुद्र झाला. सगळीकडे ते "छान आहे" म्हणायचे आणि गाडीत येऊन बसायचे. त्या तीन आठवड्यांतली एक दुपार मात्र माझ्या मनातून जात नाही. ती लॉस एंजेलिसमधल्या विल्शायर रस्त्यावरची.

विल्शायर आणि फेअरफॅक्स हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दोन संग्रहालयं समोरासमोर उभी आहेत. एक ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचं सिनेमा संग्रहालय, 2021 मध्ये उघडलेलं. इमारत 1939 ची, एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची, कोपऱ्यावर भलामोठा सोनेरी नळकांड्यासारखा मनोरा असलेली. रस्त्यापलीकडे पीटरसन, गाड्यांचं संग्रहालय. लाल भिंती आणि त्यांवर स्टीलच्या पट्ट्या लाटांसारख्या गुंडाळलेल्या. मी दोन्हींना मिळून तीन तास ठेवले होते, कारण रात्री एकांकडे जेवायला जायचं होतं. एवढ्या घाईत तिथे जाऊ नये, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी सारखी घड्याळ बघत होते.

अकॅडमीच्या संग्रहालयात सरकत्या जिन्याने वर जाताना डोक्यावर 25 फुटी शार्क लटकतो. 1975 च्या 'जॉज' या सिनेमातला. म्हणजे अगदी पडद्यावर दिसतो तो नव्हे. चित्रीकरणासाठी केलेले यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखे बिघडायचे, आणि काम संपल्यावर त्यांतला एकही टिकला नाही. हा त्याच साच्यातून काढलेला, फायबरग्लासचा. युनिव्हर्सल स्टुडिओत तो 15 वर्षं टांगलेला होता, लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. 1990 च्या सुमारास त्याची रवानगी सन व्हॅलीतल्या गाड्यांच्या भंगार यार्डात झाली. तिथे 25 वर्षं तो उन्हात होता. पण यार्डवाल्यांनी तो तोडला नाही, आणि 2016 मध्ये संग्रहालयाला देऊन टाकला. मग सिनेमातल्या स्पेशल इफेक्ट्सचे कारागीर ग्रेग निकोटेरो यांनी तो दुरुस्त केला.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी 'जॉज' पाहिलेला नाही. ते म्हणाले, "भंगारवाल्यानं ठेवला?" आणि शार्कच्या पोटाखाली जाऊन बराच वेळ वर बघत राहिले. "सांधा कुठे दिसत नाही बघ. पुट्टी भरून किती घासलं असेल."

बाबा 34 वर्षं दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये होते, बॉडी सेक्शनला. चासी यायची, त्यावर सांगाडा उभा करायचा, पत्रा चढवायचा, रिव्हेट मारायचे. आमच्या घरात सिनेमाच्या गप्पा कधी नव्हत्या. पत्र्याच्या होत्या.

रस्ता ओलांडून पीटरसनमध्ये गेलो. तिथे 1989 च्या 'बॅटमॅन' सिनेमातली बॅटमोबिल होती, तिच्याभोवती ही गर्दी. पण मला बघायची होती 'बॅक टू द फ्यूचर'मधली डेलोरियन, सिनेमात काळात मागे-पुढे नेणारी गाडी. शाळेत असताना मैत्रिणीकडे व्हीसीआरवर तो सिनेमा मी चार वेळा पाहिला होता. लोक येत होते, गाडीकडे पाठ करून सेल्फी घेत होते आणि पुढे जात होते. गाडीकडे कुणी बघतच नव्हतं, याचा मला मनापासून राग आला. मीही फोटो काढला, आणि "चला बाबा" म्हणाले.

बाबा हलले नाहीत. ते दोरीपाशी वाकून दरवाजाकडे बघत होते. ही गाडी उत्तर आयर्लंडमध्ये बनायची. बाहेरून बिनरंगाचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. कंपनी 1982 मध्येच बुडाली. "रंग नाही म्हणजे चूक लपवायला जागा नाही," बाबा म्हणाले. "आणि या बारीक रेघा बघ, सगळ्या एका दिशेनं आहेत. घासताना हात एकदा जरी आडवा गेला तरी कायमचा दिसेल."

तिथे एक वयस्कर स्वयंसेवक उभे होते. बाबा काय म्हणतात ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं तसे ते जवळच आले. पुढचा पाऊण तास मी दुभाषी होते. गाडीच्या मागच्या बाजूच्या वायरी, नळ्या, पेट्या यांतलं पुष्कळसं सामान जुन्या विमानांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मोडीतून आणलेलं. वर इंधनाचं म्हणून जे यंत्र दाखवतात, ते कॉफी दळायच्या यंत्रापासून केलेलं. मूळ गाडीचा काटा ताशी 85 मैलांपर्यंतच जायचा, आणि कथेत काळाची उडी मारायला तर 88 हवेत, म्हणून सिनेमावाल्यांनी तबकडीच बदलली. हीच मुख्य गाडी पुढे स्टुडिओच्या आवारात उघड्यावर खराब होत गेली, तिचे सुटे भागही गेले. पटकथाकार बॉब गेल यांनी मनावर घेतलं तेव्हा जो वॉल्सर आणि इतर चाहत्यांनी एकेक भाग शोधून ती पुन्हा उभी केली. 2016 मध्ये ती इथे आली.

बाबा सगळं ऐकत होते. मग मला हळूच म्हणाले, "त्यांना सांग, मी पण गाड्या बांधल्यात."

मी सांगितलं. त्या गृहस्थांनी विचारलं, किती? बाबांनी मान हलवली, मोजल्या नव्हत्या. "सगळ्या लिलावात गेल्या. वर्षं भरली की एस.टी. भंगारात काढतात. मी बांधलेली एकही गाडी आता कुठे नसेल." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र ते इंग्रजीत सांगताना गळा दाटून आला. घरी बाबा डबा घेऊन यायचे तेव्हा त्यांच्या बोटांवर पत्र्याचे कापलेले बारीक व्रण असायचे. आई हळद लावायची. ते हात कशासाठी कापले जातात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या गृहस्थांनी बाबांशी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. इतक्या वर्षांत या देशात माझं एवढं मनापासून आदरातिथ्य कुणी केलेलं नाही.

जेवणाला मी फोन करून उशीर कळवला. तिसऱ्या मजल्यावरच्या आणखी गाड्या राहिल्या, समोरच्या संग्रहालयाचे अर्धे मजले राहिले. निघताना बाबांनी स्वतःहून फोटो काढायला सांगितलं, आख्ख्या प्रवासात पहिल्यांदा. मी त्यांना गाडीच्या तोंडाशी उभं करत होते, सगळे करतात तसं.

"तिथे नको," ते म्हणाले, आणि मागच्या बाजूला गेले, जिथे वायरी आणि नळ्या दिसतात. शर्ट खाली ओढून ताठ उभे राहिले. "जोडकाम दिसू दे."