दुसऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक

आमचे सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे संस्थेने आसपासच्या गावांसाठी चालवलेले छोटे एफएम केंद्र, पाहायला वर्षातून चार-पाच संस्थांचे लोक येतात आणि चहाचा कप खाली ठेवण्याआधीच विचारतात, की असे केंद्र उभे करायला किती खर्च येतो. मी त्यांना आमचा आकडा सांगतो, तो साडेनऊ लाखांच्या घरातला आहे. पण मग मीही त्यांना विचारतो, की दुसऱ्या वर्षीच्या जून महिन्याचे वीजबिल कोण भरणार आहे. यावर बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात. आम्हीही आमच्या वेळी असेच पाहिले होते.

यंत्रे घ्यायला पैसे मिळतात, हा माझा अनुभव आहे. देणगीदाराला मनोऱ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढता येते, पाटीवर नाव घालता येते. वीजबिलावर, निवेदिकेच्या मानधनावर किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर कोणाचेच नाव घालता येत नाही, त्यामुळे या गोष्टींना देणगीदार मिळत नाही. आम्ही पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक अत्यंत बारकाईने केले होते, त्यात खिळेसुद्धा मोजले होते. दुसऱ्या वर्षासाठी मात्र ‘स्थानिक उत्पन्नातून’ एवढे दोन शब्द लिहून आम्ही मोकळे झालो होतो.

सामुदायिक रेडिओच्या परवान्यात प्रभावी प्रक्षेपणशक्ती (अँटेनामुळे होणारी वाढ धरून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती) साधारणपणे १०० वॅटपेक्षा जास्त चालत नाही आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. म्हणून बहुतेक केंद्रे ५० वॅटचा ट्रान्समीटर घेतात आणि सपाट मुलखात त्यांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचतो. सपाट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यांना डोंगराला वळसा घालता येत नाही. आमच्याकडे माळावरच्या चौदा किलोमीटर दूरच्या गावात केंद्र स्वच्छ लागते आणि चार किलोमीटरवरच्या, पण टेकडीच्या पाठीमागे असलेल्या वस्तीवर नुसती खरखर ऐकू येते. शक्ती दुप्पट करण्यापेक्षा अँटेना उंच आणि मोकळ्या जागी बसवण्याचा उपयोग अधिक होतो, हे आम्हाला कोणी आधी सांगितले असते तर जागा निवडताना आम्ही रस्त्याची सोय पाहिली नसती, उंची पाहिली असती.

काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीवर आम्ही जवळजवळ काही खर्च केला नाही. शाळेची वापरात नसलेली खोली मिळाली, बचत गटातल्या बायकांनी जुन्या गोधड्या दिल्या आणि त्या भिंतींवर लावल्यावर खोलीतला घुमारा पुष्कळ कमी झाला. (अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्याने घुमारा थोडासा मोडतो, पण बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज जराही अडत नाही, आणि उंदीर येतात ते वेगळेच.) संपादनासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे ठरले आणि संगणक तर एका बँकेने काढून टाकलेला होता. या सर्व ठिकाणी वाचवलेला पैसा योग्य वाचला.

केबल आणि अर्थिंग या दोन ठिकाणी मात्र आम्ही चुकलो. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत स्वस्तातली बारीक केबल लावली, तर पन्नास वॅटपैकी बरीच शक्ती वर पोहोचण्याआधी केबलमध्येच उष्णता होऊन विरते, म्हणजे लाखो रुपयांच्या यंत्राची शक्ती काही हजार रुपये वाचवण्यासाठी वाया जाते. अर्थिंगची कथा याहून वाईट आहे. खड्डा पुरेसा खोल खणला नाही, कोळसा आणि मीठ घातले ते नावापुरते, आणि उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जबाबदारी कोणावरच सोपवली नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज जवळच कोठेतरी पडली आणि ट्रान्समीटरचा एक भाग जळून गेला. केंद्र सत्तावीस दिवस बंद होते. तो दोष पूर्णपणे आमचा होता आणि आजही अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातल्याची नोंद करण्यासाठी आमच्याकडे वेगळी वही आहे.

परवानगीची वाट पाहण्याच्या काळाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हा काळ वाया गेला असे समजणारे पुष्कळ भेटतात. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना केंद्रे चालवण्याची वाट मोकळी झाली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. संस्था नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली असली पाहिजे, ही अट तेव्हापासूनची आहे. त्यानंतर अर्ज, मंत्रालयांची पडताळणी, फ्रिक्वेन्सी, मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, २५,००० रुपयांची बँक हमी आणि करार अशा पायऱ्या चढाव्या लागतात. लहरींच्या वापराचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपये होते, ते मध्यंतरी एकदम ९१,००० करण्यात आले आणि देशभरातल्या केंद्रांनी विरोध केल्यावर पुन्हा खाली आले. छोट्या केंद्राच्या दृष्टीने तो फरक एका माणसाच्या वर्षभराच्या मानधनाएवढा होता.

या वाट पाहण्याच्या काळाचा सर्वांत चांगला उपयोग आजच्या तेलंगणातल्या झहीराबादजवळच्या दलित स्त्रियांनी करून दाखवला. त्यांच्या संघम रेडिओचा स्टुडिओ गेल्या शतकाच्या अखेरीस तयार होता, पण प्रसारण १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. मधल्या वर्षांत त्या ध्वनिमुद्रण करीत राहिल्या आणि गावोगावच्या संघांच्या, म्हणजे स्त्रियांच्या गटांच्या, बैठकांत ते ऐकवत राहिल्या. आम्ही हीच पद्धत उचलली. दोन छोटे रेकॉर्डर घेतले आणि दर शनिवारी चावडीवर एक स्पीकर लावून तासाभराचा कार्यक्रम ऐकवू लागलो. लोक कशाला उठून जातात आणि कशाला थांबतात, हे डोळ्यांसमोर दिसत होते. तज्ज्ञांच्या भाषणाला माणसे उठत, जात्यावरच्या ओव्यांना थांबत आणि शेजारच्या गावातल्या माणसाने आपली डाळिंबाची बाग कशी बुडाली हे सांगितले, तर पुन्हा लावा म्हणत. ओव्या म्हणणाऱ्या एका आजींनी ध्वनिमुद्रण संपल्यावर विचारले होते, “माझं गाणं कवा लागणार रं?” तेव्हा त्यांना सांगायला आमच्याकडे तारीख नव्हती, शनिवार होता.

आता मासिक खर्चाकडे येतो. वीज, दोन निवेदिका आणि एका तांत्रिक मदतनिसाचे मानधन, इंटरनेट, प्रवास आणि दुरुस्ती यांना आम्हाला महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास लागतात. २००६ च्या नियमांत तासाला पाच मिनिटे जाहिरातींना परवानगी होती, आता ती बारा मिनिटे आहे आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये ठरलेला आहे. कागदावर गुणाकार केला, तर केंद्र श्रीमंत दिसते. प्रत्यक्षात आमच्या बारा मिनिटांपैकी दोन मिनिटेही भरत नाहीत. आमचे जाहिरातदार म्हणजे दोन कृषी सेवा केंद्रे, एक बोअरवेलवाला, एक दातांचा दवाखाना आणि लग्नसराईत मंडपवाले. निम्मा खर्च यातून निघतो. उरलेल्यासाठी आम्ही गावागावांत ‘श्रोता सभासद’ केले आणि वर्षाला शंभर रुपये वर्गणी ठेवली. ज्याने शंभर रुपये दिले आहेत, तो कार्यक्रम वेळेवर लागला नाही तर फोन करून रागावतो, आणि देणगीदाराच्या शाबासकीपेक्षा हा राग आम्हाला अधिक उपयोगी पडतो.

बातम्यांविषयी लोक नेहमी विचारतात, म्हणून एवढेच सांगतो, की स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या पुन:प्रसारित करता येतात. हवामान, परीक्षा, पाणीपुरवठा आणि जत्रा यांची माहिती देण्यास मुभा आहे, आणि खरे म्हणजे गावाला दिवसभरात तेवढीच हवी असते.

टेकडीच्या पाठीमागच्या वस्तीचा प्रश्न ट्रान्समीटरने कधीच सुटला नसता. तेथे आम्ही दर मंगळवारी आठवड्याचे निवडक कार्यक्रम पेनड्राइव्हवर पाठवतो. दूध संकलनाची गाडी तो सकाळी नेते आणि संध्याकाळी रिकामा परत आणते, त्याचे पैसे चालकदादा घेत नाहीत. वस्तीवरच्यांची एकच तक्रार आहे, की बाजारभाव त्यातून वगळावेत, कारण ते ऐकेपर्यंत कांदा विकून झालेला असतो.